नाशिकमधील हॉटेल व लॉजचालकांसाठी: प्रवाशांच्या बदललेल्या बुकिंग-सवयींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये हॉटेल किंवा लॉज चालवणाऱ्या मंडळींशी बोलताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सतत कानावर येते: शुक्रवारी दुपारपर्यंत चार्ट निम्मा रिकामा असतो आणि रात्री नऊनंतर एकाएकी फोन वाजू लागतात. प्रवासी येतच आहेत. खोली ठरवण्याची त्यांची पद्धत बदलली आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांचे दर, नियम आणि रिसेप्शनची घडी मात्र अजून जुन्या पद्धतीला धरून आहे. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, नाशिकरोड, मुंबई नाका, गंगापूर रोड अशा भागांत दहा ते चाळीस खोल्यांचे हॉटेल, लॉज किंवा यात्री निवास स्वतः चालवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मोठ्या साखळी हॉटेलांकडे दर ठरवणारे वेगळे विभाग असतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नाशिकला येणाऱ्या प्रवाशाच्या सवयीत नेमका काय बदल झाला आहे?

पूर्वी प्रवासी सीबीएस बसस्थानकावर किंवा नाशिकरोड रेल्वे स्थानकावर उतरायचा, रिक्षावाल्याला किंवा ओळखीच्या माणसाला विचारायचा, दोन-तीन ठिकाणी खोली डोळ्यांनी पाहायचा आणि मग किल्ली घ्यायचा. आता हे पाहणे घरी बसूनच होते. एखादे कुटुंब नाशिकला यायचे ठरवते, तेव्हा घरातला कोणीतरी दोन ॲपवर आपल्या हॉटेलचा दर बघतो, गूगल मॅपवर फोटो आणि अभिप्राय वाचतो, त्याचे स्क्रीनशॉट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि सगळ्यांचे एकमत झाल्यावर थेट हॉटेलला फोन करून विचारतो, ‘तुमच्याकडे थेट किती पडेल?’ म्हणजे एकच खोली त्याने चार ठिकाणी पाहिलेली असते. या चार ठिकाणी चार वेगवेगळे दर, वेगळे फोटो किंवा वेगळे नियम दिसले, की तो वाद घालत बसत नाही; मुकाट्याने पुढचे हॉटेल उघडतो. या पानावरील बहुतेक उत्तरे शेवटी याच एका गोष्टीकडे वळतात.

दुसरा बदल वेळेचा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुंबई ते साईनगर शिर्डी ही वंदे भारत गाडी फेब्रुवारी २०२३ पासून नाशिकरोडला थांबते. येणे सोपे झाले, तसे रात्री घरी परतणेही सोपे झाले. त्यामुळे आपली स्पर्धा आता शेजारच्या हॉटेलाबरोबरच ‘दर्शन करून संध्याकाळी निघू या’ या विचाराशीही आहे, आणि मुक्कामाचा निर्णय अनेकदा दर्शनाच्या रांगेत उभे असताना घेतला जातो.

मग रस्त्यावरची पाटी, रिक्षावाले, गुरुजींची ओळख यांचा काळ संपला का?

संपलेला नाही, आणि तो संपला असे गृहीत धरून ही नाती तोडू नयेत. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध किंवा कालसर्प शांतीसाठी येणारा यजमान आजही आधी गुरुजींशी बोलतो आणि राहण्याची व्यवस्था बहुतेक वेळा त्यांच्याच सांगण्यावरून होते. फरक इतकाच, की गुरुजींनी नाव सांगितल्यावर यजमान ते नाव मोबाईलवर शोधून पाहतो. शिफारस आली तरी पडताळणी होतेच, म्हणून जुन्या ओळखीवर चालणाऱ्या लॉजलाही गूगलवर स्वच्छ व खरी माहिती ठेवावी लागते.

ऑनलाइन ॲपवरून आलेल्या बुकिंगचा खरा खर्च किती पडतो?

बरेच मालक फक्त कमिशनचा आकडा पाहतात, आणि तेथेच हिशेब चुकतो. एक उदाहरण घेऊ. खोलीचा दर २,००० रुपये आहे आणि ॲपचे कमिशन २० टक्के ठरले आहे. प्रत्यक्षात ते करारानुसार कमी-जास्त असते. पाहुणा ५ टक्के जीएसटीसह २,१०० रुपये ॲपला देतो. त्यातून ४०० रुपये कमिशन वजा होते आणि त्या कमिशनवर १८ टक्के म्हणजे ७२ रुपये जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आपण खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही. त्यामुळे हे ७२ रुपये परत मिळणारे नाहीत. तो सरळ खर्च आहे. कमिशन कागदावर २० टक्के असले, तरी आपल्याला ते २३.६ टक्के पडते.

याशिवाय ॲप आपल्या नावावर आगाऊ जमा होणारा कर कापते: जीएसटीखाली अर्धा टक्का टीसीएस म्हणजे १० रुपये आणि प्राप्तिकराखाली ०.१ टक्का टीडीएस म्हणजे २ रुपये. हे १२ रुपये खर्चात धरायचे नसतात, कारण ते आपल्या खात्यात जमा दिसतात आणि विवरणपत्र भरताना वापरता येतात. मात्र तोपर्यंत ते हातात नसतात. बँकेत १,६१६ रुपये येतात, त्यातले पाहुण्याने भरलेल्या जीएसटीचे १०० रुपये सरकारचे, आणि कापलेले १२ रुपये पुढे वळते झाल्यावर आपल्याकडे १,५२८ रुपये राहतात. वीज, चादरी धुण्याचा खर्च, पाण्याचा टँकर आणि पगार या रकमेतून भागवायचे आहेत. ॲपने ‘आज आणखी १५ टक्के सूट द्या’ असे सुचवले, की ती सूट २,००० रुपयांवर दिसते, पण तिचा भार या १,५२८ रुपयांवर पडतो, हे ध्यानात ठेवून मगच होकाराचे बटण दाबावे.

हा हिशेब प्रत्येक ॲपसाठी, प्रत्येक प्रकारच्या खोलीसाठी एकदा कागदावर मांडून आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा.

इतका खर्च असेल, तर ॲप बंदच करावीत का?

आमचे स्पष्ट मत आहे की बंद करू नयेत. हैदराबाद, सुरत किंवा इंदूरच्या ज्या कुटुंबाने आपल्या हॉटेलचे नाव कधी ऐकलेले नाही, त्या कुटुंबाला आपल्या दारापर्यंत आणण्याचे काम ॲप करते, आणि त्या पहिल्या भेटीचे कमिशन देणे रास्त आहे. प्रश्न तेच कुटुंब दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही ॲपवरूनच येते तेव्हा निर्माण होतो. तेव्हा ॲपने काही चुकीचे केलेले नसते. आपण पाहुण्याला आपला नंबर दिलेला नसतो, किंवा थेट बुकिंग करण्याचे कोणतेही कारण दिलेले नसते.

थेट येणाऱ्या पाहुण्याला दर कमीच करून द्यायला हवा असे नाही. सकाळी लवकर खोली देणे, तळमजल्यावरची खोली राखून ठेवणे, गाडीसाठी आवारात जागा निश्चित करणे, ऐनवेळी तारीख बदलून देणे या गोष्टी आपल्याला फारशा महाग पडत नाहीत आणि प्रवाशाला त्यांचे मोल मोठे असते. मात्र ॲपवरून आलेले बुकिंग रद्द करायला लावून तेच थेट घेण्याचा उद्योग कोणीही करू नये. तो कराराचा भंग आहे, त्याने ॲपवरचे आपले स्थान खाली जाते आणि पाहुण्याच्या मनात पहिल्याच भेटीत संशय निर्माण होतो.

आम्ही वेगवेगळ्या ॲपवर वेगळे दर ठेवू शकतो का?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांच्यासंबंधी दिलेल्या आदेशात, इतर ऑनलाइन मंचांच्या तुलनेत दर आणि खोल्यांची उपलब्धता सारखीच ठेवण्याची हॉटेलांवरची अट करारांतून काढून टाकण्याचे निर्देश दिले होते. आपल्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या किंवा काउंटरवरच्या दराविषयी करारात काय लिहिले आहे, हा मुद्दा वेगळा असून त्यासाठी आपला करारच वाचावा लागेल. सही करताना कोणीच तो वाचत नाही, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी तरी कमिशन, दर-समानता, रद्द करण्याचे नियम आणि पैसे जमा होण्याची मुदत ही चार कलमे नीट पाहावीत.

गूगलवरच्या माहितीत सगळ्यात महत्त्वाचे काय असते?

नकाशावरची खूण. पंचवटीत गल्ल्या अरुंद आहेत, गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळतीजुळती नावे आहेत आणि नकाशाने पाहुण्याला चुकीच्या काठावर आणून सोडले, तर गर्दीच्या दिवशी पूल ओलांडून परत यायला त्याला बराच वेळ लागतो. अशा पाहुण्याचे पहिले वाक्यच तक्रारीचे असते. स्वतः मोबाईल हातात घेऊन द्वारका चौकातून आणि पेठ रोडकडून, अशा दोन वेगळ्या दिशांनी नकाशाच्या आधारे आपल्या दारापर्यंत येऊन पाहावे, आणि मोठी गाडी जेथपर्यंत येते ती जागा माहितीत स्पष्ट लिहावी.

त्यानंतर फोटो. प्रवेशद्वार, खोली, पलंग यांचे फोटो सगळेच टाकतात. प्रवासी मात्र न्हाणीघर, जिना, लिफ्ट आणि पार्किंग शोधत असतो. आजी-आजोबांना घेऊन काळारामाच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबाला कमोड आहे की नाही, किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि गरम पाणी किती वाजता सुरू होते, हे कळले की त्यांचा निम्मा निर्णय होतो. ‘रामकुंडापासून जवळ’ असे लिहिण्यापेक्षा ‘पायी दहा मिनिटे, रस्ता सपाट’ असे लिहावे, अर्थात ते खरे असेल तरच.

गूगलने २०२१ पासून हॉटेलांना विनाशुल्क बुकिंग लिंक दाखवण्याची सोय दिली आहे. स्वतःचे बुकिंग इंजिन (आपल्या वेबसाइटवर थेट बुकिंग घेणारी व्यवस्था) किंवा त्याच्याशी जोडलेला चॅनल मॅनेजर (सगळ्या ठिकाणच्या खोल्यांची संख्या जुळवणारे सॉफ्टवेअर) असल्यास आपला थेट दर ॲपच्या दरांशेजारी दिसू शकतो, आणि एवढ्यासाठी ती जोडणी करून घेणे योग्य ठरते.

व्हॉट्सॲपवर विचारणा खूप येतात, पण बुकिंग होत नाही. काय चुकते?

बहुतेक वेळा उत्तर उशिरा जाते, आणि गेले तरी अपुरे जाते. समजा, गुरुवारी संध्याकाळी निरोप येतो: ‘दादा, शनिवारी रूम मिळेल का? आम्ही दोघं, दोन मुलं, आणि सासूबाई आहेत.’ रिसेप्शनवरून तासाभराने उत्तर जाते: ‘हो मिळेल. एसी २,२००, नॉन एसी १,६००.’ या उत्तरात सासूबाईंचा उल्लेखच नाही, पाचव्या माणसाचे काय हे नाही, कर धरला आहे की नाही हे नाही, आणि पुढे काय करायचे हेही नाही. समोरच्याला आणखी चार प्रश्न विचारावे लागतात आणि तोवर त्याने दुसरीकडे पैसे भरलेले असतात.

तेच उत्तर असे जाऊ शकते: ‘नमस्कार. शनिवारी पाच जणांसाठी मोठी एसी खोली आहे. तीन पलंग आणि दोन गाद्या, सकाळच्या चहासह करासकट एकूण २,९४० रुपये. सासूबाईंसाठी पहिल्या मजल्यावरची खोली देतो, लिफ्ट आहे, न्हाणीघरात कमोड आहे. चेक-इन दुपारी १२ला. ५०० रुपये ॲडव्हान्स पाठवलात की खोली राखून ठेवतो; शुक्रवारी दुपारी १२पर्यंत रद्द केलेत तर पूर्ण परत. खोलीचे फोटो आणि पेमेंट लिंक सोबत पाठवत आहे.’ यात एकही वाक्य शोभेचे नाही, आणि वाचणाऱ्याला आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप विनाशुल्क आहे आणि त्यात अशी तयार उत्तरे साठवून ठेवता येतात. फक्त पाठवण्यापूर्वी समोरच्याचा प्रश्न वाचून त्यात बदल करावा. मालकाच्या खासगी मोबाईलवर विचारणा घेण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. मालक लग्नाला गेले की त्या दिवसाचे बुकिंगही जाते.

संध्याकाळी खोल्या रिकाम्या दिसल्या की दर उतरवावा का?

दररोज उतरवू नये. आपले हॉटेल संध्याकाळी सातनंतर हमखास स्वस्त होते हे एकदा लोकांना कळले, की आगाऊ बुकिंग करणारेही थांबून बघतात आणि उशिरा ठरवण्याची सवय आपणच वाढवून ठेवतो. त्याऐवजी मंगळवार-बुधवारसारख्या मंद दिवसांचा दर आधीपासून कमी ठेवावा, शनिवारचा वाजवी वाढवावा आणि ऐनवेळच्या पाहुण्याला दराऐवजी सोय द्यावी.

उशिरा येणाऱ्यासाठी खरी गरज वेगळी असते. रात्री साडेदहाला शिर्डीहून परतणाऱ्या कुटुंबाचा फोन उचलला जाणे, दार उघडे असणे आणि जवळपास जेवण कोठे मिळेल हे सांगता येणे, या तीन गोष्टींवर ती खोली भरते. रात्रपाळीच्या मुलाला दर सांगण्याचा आणि ठराविक मर्यादेपर्यंत कमी करण्याचा अधिकार लेखी देऊन ठेवावा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ या वाक्यावर बरेच पाहुणे निघून जातात.

पाहुणे बुकिंग करून येतच नाहीत. ॲडव्हान्स आणि रद्द करण्याचे नियम कसे ठेवावेत?

‘हॉटेलवर पैसे द्या’ आणि ‘मोफत रद्द करा’ या सोयी ॲपनी रुळवल्यापासून एकच प्रवासी दोन-तीन ठिकाणी खोली धरून ठेवतो आणि निघताना एक निवडतो. त्याच्या बाजूने हे सोयीचे आहे, पण दहा खोल्यांच्या लॉजमध्ये शनिवारी दोन पाहुणे आले नाहीत तर पाचवा हिस्सा उत्पन्न जाते. म्हणून सगळ्या दिवसांना एकच नियम लावणे बरोबर नाही. साध्या दिवशी आदल्या दिवसापर्यंत मोफत रद्द करण्याची मुभा असावी. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना एका रात्रीचे निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र, संत निवृत्तिनाथांची यात्रा, वणीच्या सप्तशृंगीचा नवरात्रोत्सव अशा दिवसांसाठी पूर्ण रक्कम आगाऊ घेणे आणि निदान आठवडाभर आधीची मुदत ठेवणे योग्य आहे.

नियम कडक असला तरी चालतो. तो पैसे भरण्यापूर्वी दिसला पाहिजे आणि सगळ्या ठिकाणी सारखा असला पाहिजे. आजारपण किंवा घरातील निधनासारखे कारण असेल, तर पैसे अडवून धरण्यापेक्षा सहा महिन्यांत वापरता येईल असे लेखी आश्वासन द्यावे. ही गोष्ट माणुसकीची आहेच, शिवाय असा पाहुणा बहुधा परत येतो. रद्द झाल्यावर जी रक्कम आपण ठेवून घेतो, तिच्यावरही मूळ खोलीच्याच दराने जीएसटी भरावा लागतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मधील परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे, आणि लहान हॉटेलांच्या हिशेबात नेमके हेच राहून जाते.

एकच खोली दोघांना दिली जाण्याचा प्रकार कसा टाळावा?

रजिस्टर, दोन ॲप आणि फोन असे चार मार्ग उघडे असले आणि ते हाताने जुळवले जात असले, की गर्दीच्या दिवशी हे होणारच. चॅनल मॅनेजर हे सॉफ्टवेअर एका ठिकाणी खोली गेली की बाकी सगळीकडची संख्या आपोआप कमी करते. पंधरा-वीस खोल्या आणि दोनपेक्षा जास्त ॲप असतील, तर ते घ्यावेच. त्याहून लहान लॉजने प्रत्येक ॲपला मोजक्याच खोल्या द्याव्यात आणि उरलेल्या थेट बुकिंगसाठी आपल्या हातात ठेवाव्यात.

एवढे करूनही चूक झालीच, तर पाहुण्याला दारातून परत पाठवू नये. शेजारच्या दोन हॉटेलांशी आधीच बोलून ठेवावे, तेथे खोली मिळवून द्यावी, फरकाचे पैसे आपण भरावेत आणि त्याला तेथपर्यंत सोडावे.

यात्रेकरू आणि पूजेसाठी येणारे यांच्यासाठी वेगळे काय करावे?

त्यांचा दिवस दुपारी १२ला सुरू होत नाही. रात्रभर प्रवास करून पहाटे पाचला उतरलेल्या कुटुंबाला आंघोळ करून रामकुंडावर किंवा त्र्यंबकला जायचे असते आणि संध्याकाळी परत निघायचे असते. त्यांना दोन दिवसांचे भाडे लावले, की ते धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात जातात. पहाटे पाच ते दुपारी दोन अशी अर्ध्या दिवसाची खोली, सामान ठेवण्याची जागा आणि निघताना हातपाय धुवायची सोय, यांचा वेगळा व स्पष्ट दर ठेवावा. अशी खोली स्वच्छ करून दुपारी पुन्हा देता येते.

नारायण नागबळी हा विधी तीन दिवसांचा असतो. त्या यजमानासाठी तीन रात्रींचा एकत्र दर, कांदा-लसणाशिवायचे जेवण, पहाटे लवकर गरम पाणी आणि ओली वस्त्रे वाळत घालायला जागा, एवढे बुकिंगच्या वेळीच लिहून दिले तर त्याला दुसरीकडे पाहावे लागत नाही.

आठवडाअखेरीला वाइनरी आणि पावसाळी भटकंतीसाठी येणाऱ्या तरुणांचे काय?

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागा आणि वाइनरी पाहायला येणारा वर्ग जानेवारी ते मार्च या द्राक्षकाढणीच्या दिवसांत जास्त असतो. पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरी या बाजूला गर्दी वळते. हा प्रवासी इन्स्टाग्रामवरच्या लहान व्हिडिओवरून ठिकाण ठरवतो आणि तेथेच निरोप पाठवून दर विचारतो, म्हणून तो निरोप वाचणारा माणूस हवा. उशिरा चेक-आऊट, खात्रीचा वाहनचालक आणि रात्री परतण्याची सोय यांसाठी तो जादा पैसे द्यायला तयार असतो. यात्रेकरू कुटुंबे आणि हा वर्ग एकाच मजल्यावर ठेवू नयेत. दोघांचीही झोप आणि अभिप्राय बिघडतात.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडून येणारे पाहुणे?

येथे सवयी फारशा बदललेल्या नाहीत. चोख बिल, कंपनीचा बरोबर जीएसटी क्रमांक, वेगवान वायफाय आणि सकाळी साडेसातला नाश्ता एवढे नीट दिले, की सोमवार ते गुरुवारच्या खोल्या भरतात.

अभिप्रायांना उत्तर देणे खरोखर गरजेचे आहे का?

होय, आणि वाईट अभिप्रायाला तर नक्कीच. ते उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी कमी आणि पुढच्या वाचणाऱ्यासाठी जास्त असते. ‘गरम पाणी आले नाही’ असे कोणी लिहिले असेल, तर ‘सोलर बंद होता, आता गिझर बसवला आहे’ असे एका वाक्यात सांगावे. झाले नसेल तर झाले म्हणून लिहू नये. ओळखीच्यांकडून खोटे पाच तारे गोळा करणे हा फसवणुकीचाच प्रकार आहे, आणि एकाच आठवड्यात आलेले एकसारखे वीस अभिप्राय वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी बुकिंग केव्हा उघडावे आणि दर कसा ठेवावा?

जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, आणि अमृतस्नाने २ ऑगस्ट २०२७, ३१ ऑगस्ट २०२७ व त्यानंतर नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. या तारखांभोवतीच्या खोल्या सगळ्या एकदम विकू नयेत. काही खोल्या जुन्या पाहुण्यांसाठी आणि नेहमीच्या गुरुजींच्या यजमानांसाठी राखाव्यात, काही पूर्ण आगाऊ रकमेवर लवकर द्याव्यात आणि थोड्या शेवटच्या महिन्यासाठी ठेवाव्यात, कारण उशिरा ठरवणारे कुंभातही असणारच. पर्वणीच्या दिवशी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली जातात आणि पुढे पायी यावे लागते. हे बुकिंगच्या वेळीच सांगितले नाही, तर पाहुण्याचा राग आपल्यावर निघतो.

दराविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली कराची. एका दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर लागून पाहुण्याला ७,८७५ रुपये पडतात. तोच दर ७,६०० केला की १८ टक्के कर लागून ८,९६८ रुपये होतात. आपल्याला शंभर रुपये जास्त दिसतात आणि पाहुण्याच्या खिशातून १,०९३ रुपये जास्त जातात. कर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर ठरतो, पाटीवर लिहिलेल्या दरावर नाही. दुसरी गोष्ट नावाची. पर्वण्यांचे दिवस मोजके आहेत आणि त्यानंतरची सगळी वर्षे याच लोकांच्या सांगण्यावर चालायची आहेत. घेतलेले बुकिंग जास्त पैसे देणारा मिळाला म्हणून रद्द करणे, हे तर कोणत्याही परिस्थितीत होऊ नये.

आमच्या हॉटेलच्या नावाने कोणी खोटे बुकिंग घेत असेल तर?

तीर्थक्षेत्रांच्या ठिकाणी हा प्रकार वाढला आहे: हॉटेलचेच फोटो, मिळतेजुळते नाव आणि वेगळाच मोबाईल नंबर टाकून ॲडव्हान्स घेतला जातो, आणि पाहुणा कुटुंबासह आपल्या दारात उभा राहिल्यावर सगळे उघडकीस येते. दर पंधरवड्याला आपले नाव स्वतः शोधून पाहावे, गूगलवर कोणी नंबर बदलला आहे का ते तपासावे आणि पैसे हॉटेलच्या चालू खात्याशी जोडलेल्या यूपीआयवरच घ्यावेत, म्हणजे पाठवणाऱ्याला स्क्रीनवर हॉटेलचे नाव दिसेल. तो नंबर आणि यूपीआयवर दिसणारे नाव सगळीकडे ठळक लिहावे. फसवणूक दिसली, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे, आणि फसलेल्या पाहुण्यालाही तो क्रमांक देऊन तक्रार नोंदवायला मदत करावी.

ओळखपत्रांच्या प्रती व्हॉट्सॲपवर मागवल्या तर चालते का?

सोयीचे असले तरी त्या मोबाईलमध्ये पडून राहू देऊ नयेत. आधार देणाऱ्याकडून पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी आणि नोंद झाल्यावर मोबाईलमधली प्रत काढून टाकावी. परदेशी पाहुण्याची माहिती, ज्याला धंद्यात सगळे सी फॉर्म म्हणतात, ती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते.

जुन्या रजिस्टरमध्ये हजारो पाहुण्यांचे नंबर आहेत. त्या सगळ्यांना ऑफर पाठवाव्यात का?

सरसकट पाठवू नयेत. ते नंबर राहण्याच्या नोंदीसाठी दिलेले होते, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरण्यावर भर आहे. शिवाय एकगठ्ठा निरोपांची तक्रार झाली, तर हॉटेलचा व्हॉट्सॲप नंबरच बंद होऊ शकतो. त्याऐवजी आजपासून चेक-आऊटच्या वेळी एक छोटा प्रश्न विचारावा: ‘यात्रेच्या किंवा सुट्टीच्या आधी खोल्यांची माहिती पाठवली तर चालेल का?’ जे हो म्हणतील त्यांची वेगळी यादी करावी, त्यांच्या नावापुढे ते कशासाठी आले होते हे लिहावे, आणि त्याच कारणाचा दिवस जवळ आला की तेवढ्यांनाच निरोप पाठवावा. दर श्रावणात त्र्यंबकला येणाऱ्या कुटुंबाला आषाढ संपण्यापूर्वी गेलेला एक निरोप पुरेसा असतो.